अस्थिशल्यचिकित्सेसाठी शरीररचना शिक्षण

हाडे, सांधे व हातापायांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला लागणारी शरीररचना शिकवण्याची पद्धत. भारतात एमबीबीएसचा विद्यार्थी हा विषय पहिल्या वर्षी शिकतो: डिसेक्शन हॉलमध्ये बॉडीवर (जतन केलेल्या मृतदेहावर) आणि खोलीवर, बहुधा सीनियरकडून आलेल्या बोन सेटवर (हाडांच्या संचावर). ऑर्थोचा, म्हणजे अस्थिशल्यचिकित्सेचा रेसिडेंट (पदव्युत्तर शिकाऊ डॉक्टर) होईपर्यंत मध्ये किमान साडेचार वर्षे जातात आणि व्हायव्यापुरते पाठ केलेले बरेच काही पुसले जाते. २०१९ पासूनच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने पहिल्याच वर्षी रुग्ण दाखवायला सुरुवात केली, तरी मधली पोकळी उरतेच.

खरी अडचण मात्र विस्मरणाहून वेगळी आहे. डिसेक्शनमध्ये त्वचा, चरबी बाजूला सारून सगळे उघडे करून पाहतात. ऑपरेशनमध्ये एका छेदातून उतरायचे आणि जे दिसत नाही तेच जपायचे. म्हणून रेसिडेंटला शिकवायचा तो ‘अप्रोच’, म्हणजे त्वचेपासून हाडापर्यंतची वाट. शक्यतो ही वाट वेगवेगळ्या नसांवर (मज्जातंतूंवर) चालणाऱ्या दोन स्नायूंच्या मधून काढतात, म्हणजे कोणताच स्नायू लुळा पडत नाही. खांद्याला पुढून जाताना डेल्टॉइड एका बाजूला, पेक्टोरॅलिस मेजर दुसऱ्या. मधली सेफॅलिक शीर ही वाटेची खूण.

कोपराखालच्या रेडियस हाडाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या वरच्या टोकाला पोस्टेरियर इंटरऑसियस नस वळसा घालते. पुढून, हेन्रीच्या वाटेने जाताना हात उताणा करतात; बाहेरून, कोखरच्या वाटेने जाताना पालथा. दोन्ही वेळा हेतू एकच, नस छेदापासून दूर सरकावी. पुस्तकातल्या स्थिर चित्रात हे कळत नाही. फॉर्मलिनने ताठ झालेल्या बॉडीवरही हात धड फिरत नाही. सांधे लवचिक ठेवणारी, बॉडी जतन करण्याची टील पद्धत (ऑस्ट्रियातील ग्राट्स, १९९२) त्यामुळेच उपयोगी, पण ती महाग आणि किचकट.

नसांइतकाच रक्तपुरवठा महत्त्वाचा. मांडीच्या हाडाच्या गोलाला (खुब्यात बसणाऱ्या वरच्या टोकाला) रक्त मुख्यतः मिडियल सर्कमफ्लेक्स धमनीच्या, हाडाच्या मानेलगत चढणाऱ्या शाखांतून मिळते. मान मोडून सरकली की गोल मरू शकतो. पहिल्या वर्षी या धमनीवर टीप लिहायला सांगतात. त्याऐवजी मोडलेल्या मानेचा एक्स-रे समोर धरून ‘हा गोल जगेल का?’ विचारले, तर तीच धमनी रेसिडेन्सीपर्यंत ध्यानात राहण्याची शक्यता अधिक.