गरम घेवडा, गार घेवडा

इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीसमोर कुरू फासुल्येच्या खानावळी ओळीनं आहेत. पांढरा घेवडा, कांदा, साल्चा म्हणजे टोमॅटोची किंवा लाल मिरचीची आटवलेली घट्ट पेस्ट, त्यात लोणी किंवा मांस. सोबत भात आणि तुर्शू, म्हणजे आंबवलेलं लोणचं. हे सगळं गरमागरम खायचं. संध्याकाळी घरातली माणसं मेझेच्या, म्हणजे सगळ्यांनी वाटून खायच्या पदार्थांच्या, छोट्या बशा मध्ये ठेवून बसली, की घेवडा पुन्हा हजर होतो, पण गार! ही बार्बुन्या पिलाकी: ठिपक्यांचा घेवडा, गाजर, कांदा, लसूण, टोमॅटो, भरपूर ऑलिव्ह तेल, चिमूटभर साखर, वरून लिंबू.

जात एकच, मग एक गरम आणि एक गार का? मोठा वाटा स्निग्धाचा आहे. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, त्यामुळे पदार्थ निवला की ते थिजून टाळूला चिकटतं. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असतं, म्हणून ते खोलीच्या तापमानाला पातळच राहतं. मेझेची बैठक गप्पांत तासन्‌तास चालते. निवल्यावर बिघडणारा पदार्थ तिथे काय कामाचा?

टोमॅटो कधी घालायचा, यालाही कारण आहे. दाण्याच्या पेशी पेक्टिननं एकमेकींना चिकटलेल्या असतात. शिजताना पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि दाणा मऊ पडतो. आंबट रसात पेक्टिन सहज विरघळत नाही. टोमॅटो आधीच पडला तर बराच वेळ उकळूनही दाणे टणक राहतात. कॅल्शियम असलेलं जड पाणीही हेच करतं. उलट, मऊ झालेल्या घेवड्यात टोमॅटो घातला तर दाणा फुटून लगदा होत नाही. पिलाकीत दाणा अख्खा दिसायला हवा, तिथे ही आडमुठी आंबट चव कामी येते. आपला चित्रा राजमा याच जातीचा. त्याचीही पिलाकी छान होते.

मात्र मंद आचेच्या नादात कच्चेपणा ठेवू नये. घेवड्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं, त्यानं उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी ओतून द्यावं आणि नव्या पाण्यात दाणे निदान १० मिनिटं खळखळून उकळावेत. ८० अंशांच्या खाली हे प्रथिन नष्ट होत नाही. पोटात होणाऱ्या गुबाऱ्याचा दोष वेगळ्याचा: रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा पचवायचं विकर आपल्याकडे नसतं, त्यांवर मोठ्या आतड्यातले जीवाणू ताव मारतात.

गंमत म्हणजे घेवडा आणि टोमॅटो दोन्ही १४९२ नंतर अमेरिकेतून आलेले पाहुणे. मेझेतला खरा भूमिपुत्र हरभरा. त्याचा रानटी पूर्वज आजही आग्नेय तुर्कस्तानात उगवतो. म्हणजे आपल्या पिठल्याचं आजोळही तिथलंच.

फावा, म्हणजे बाकला, हाही जुनाच. सुका दाणा शिजवून, घोटून, ताटात ओतून गार करतात; स्टार्चचे रेणू पुन्हा जुळतात आणि पिठल्याच्या वड्यांसारखे तुकडे पडतात. वर शेपू आणि तेल. ही बशी मात्र सगळ्यांसाठी नाही. ज्यांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी फाव्यातल्या व्हिसिननं फुटू शकतात. शिजवूनही व्हिसिन पूर्ण जात नाही, म्हणून अशा माणसांनी ती टाळायची.