कॉम्प्युटरची डिग्री नाही म्हणून एआयमध्ये पीएचडी नाही? असं काही नसतं

एआय किंवा रोबोटिक्समध्ये पीएचडी करायची तर कॉम्प्युटर सायन्सचीच डिग्री पाहिजे, हे इतक्या वर्षांपासून इतक्या जणांनी इतक्यांदा सांगितलंय की आता लोक अर्जच करत नाहीत. जेफ्री हिंटन घ्या, २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं त्यातले एक, त्यांची पहिली डिग्री केंब्रिजची, १९७० ची, आणि विषय होता एक्सपेरिमेंटल सायकॉलॉजी! एआयमधली पीएचडी एडिंबरातून, नंतर. रोबोटिक्समधलं मोठं नाव असलेले रॉडनी ब्रूक्स तर मूळचे गणितवाले.

आणि कारणही साधं आहे. रोबोटला काचेचा ग्लास उचलायला लावा, मग बघा मजा. काच पारदर्शक, त्यामुळे डेप्थ कॅमेऱ्याला (वस्तू किती लांब आहे ते मोजणाऱ्या कॅमेऱ्याला) ग्लास धड दिसतच नाही, दिसला तरी बोटांनी किती दाबायचं हा प्रश्न, कमी दाबला तर निसटतो, जास्त दाबला तर फुटतो. यात ऑप्टिक्स आलं, मेकॅनिकल आलं, कंट्रोल (हालचाल आणि जोर नेमका ठेवायचं शास्त्र) आलं, कोडिंग तर आहेच. एकटा कॉम्प्युटरवाला काय काय करणार?

फीचं म्हणाल तर अमेरिकेत चांगल्या पीएचडी प्रोग्राममध्ये बहुतेक वेळा ट्यूशन माफ होते, वर स्टायपेंड मिळतो, आणि नेदरलँड्समध्ये बरेच पीएचडीवाले चक्क युनिव्हर्सिटीचे पगारी कर्मचारी असतात.

हां, लिनियर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी आणि पायथन मात्र यायलाच हवं, त्यात सूट नाही.