सिस्टिसर्कोसिस

डुकरातील फीतकृमीच्या (टीनिया सोलियम) अळ्या माणसाच्या शरीरात पुटीच्या रूपाने रुतून बसतात, त्या विकाराला सिस्टिसर्कोसिस म्हणतात. पुटी म्हणजे साधारण ५ ते १० मिलिमीटर व्यासाची, स्वच्छ द्रवाने भरलेली पातळ पिशवी. तिच्या आत कृमीचे डोके उलटे दुमडलेले असते. पुटी मेंदूत असेल तर विकाराला न्यूरोसिस्टिसर्कोसिस हे नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, हा कृमी जिथे कायम आढळतो अशा भागांत अपस्माराच्या (वारंवार फिट येण्याच्या) सुमारे ३० टक्के रुग्णांत तोच कारणीभूत असतो.

डुकराचे कच्चे मांस खाल्ल्याने मेंदूत पुट्या होतात, हा गैरसमज फार रुळलेला आहे. डुकराच्या कच्च्या मांसातील पुटी पोटात गेली, तर आतड्यात प्रौढ फीतकृमी वाढतो. मेंदूत पुट्या होत नाहीत. पुटीतून प्रौढ कृमी होतो, हे जर्मन वैद्य फ्रिडरिश क्यूखनमायस्टर यांनी १८५५ मध्ये देहदंडाच्या कैद्याला पुट्या खाऊ घालून दाखवले. आज असा प्रयोग कोणीही मान्य करणार नाही. सिस्टिसर्कोसिस होतो तो कृमीची अंडी गिळल्याने, आणि ही अंडी येतात कृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतून. कृमीच्या शरीराच्या एका पक्व खंडात सुमारे ५०,००० अंडी असू शकतात. शौचानंतर नीट न धुतलेले हात आणि दूषित पाणी किंवा भाजी हे त्यांचे मार्ग. म्हणूनच ज्याने आयुष्यात मांस चाखलेले नाही, त्यालाही हा रोग होतो. बऱ्याचदा कृमी बाळगणारी व्यक्ती रुग्णाच्या घरातलीच असते, कधी स्वतः रुग्णच.

अंड्याचे कवच पाचकरसांनी सुटले की आतला, सहा सूक्ष्म हुक असलेला भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि स्नायू, त्वचेखालचा भाग, डोळा किंवा मेंदू गाठतो. तिथे दोन-तीन महिन्यांत पुटी पूर्ण तयार होते.

इथून पुढचा भाग समजला की रोगाची चाल समजते. जिवंत पुटी रोगप्रतिकारशक्तीला चकवत राहते. ती पॅरामायोसिन नावाचे प्रथिन सोडते. ते पूरक प्रथिनांच्या (परक्या जंतूंवर हल्ला करणाऱ्या रक्तातील प्रथिनांच्या) साखळीतला पहिला घटक अडकवून ठेवते. टीनियास्टॅटिन हे दुसरे द्रव्य त्याच साखळीला आणि लसिकापेशींच्या (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) वाढीला आळा घालते. शिवाय पुटीच्या पृष्ठभागावर रुग्णाचीच प्रतिपिंडे चिकटलेली सापडतात. त्यामुळे मेंदूत जिवंत पुटी असूनही माणूस वर्षानुवर्षे ठणठणीत असू शकतो. त्रास बहुधा सुरू होतो तो पुटी मरू लागल्यावर. तिचे नियंत्रण सुटते, आतली प्रतिजने (शरीराला परकी वाटणारी द्रव्ये) झिरपतात, भोवती दाह होतो, मेंदूला सूज येते आणि फिट येते. म्हणजे इजा पुटीपेक्षा शरीराच्या प्रतिक्रियेनेच जास्त होते.

एमआरआयवर हा क्रम पाहता येतो. जिवंत पुटीत काळ्या वर्तुळात एक ठिपका दिसतो. ते कृमीचे डोके. मरू लागलेल्या पुटीतला द्रव गढूळ होतो, कडेला चकाकणारे कडे येते आणि भोवती सूज दिसते. मग ती आक्रसून घट्ट गाठ बनते आणि शेवटी तिथे कॅल्शियम साचते. हा कॅल्शियमचा कण सीटी स्कॅनवर अधिक स्पष्ट दिसतो. कडे असलेली एकच गाठ पाहून क्षयाच्या गाठीचा संशय येतो. गाठ २० मिलिमीटरपेक्षा मोठी, वेडीवाकडी आणि मेंदूची मध्यरेषा सरकवणारी असेल, तर क्षयाकडे कल जास्त. एकच पुटी असताना रक्ततपासणी नकारात्मक आली, तरी तेवढ्यावर निदान सोडू नये.

जागेनुसार धोका बदलतो. स्नायूतल्या पुट्या क्वचितच त्रास देतात. मेंदूच्या पोकळीतली पुटी तिथल्या द्रवाची वाट अडवते. मान झटकन वळवताच तीव्र डोकेदुखी, उलटी किंवा शुद्ध हरपणे हे तिचे लक्षण. मेंदूच्या तळाशी पुट्या द्राक्षांच्या घडासारख्या वाढतात. त्यांत डोके सापडत नाही आणि उपचार महिनोन्‌महिने चालतो.

उपचारातली घाई घातक ठरते. कृमिनाशक औषधाने पुट्या एकदम मरतात आणि सूज उसळते. म्हणून आधी फिटचे औषध आणि सूज रोखणारे स्टेरॉइड, मगच अल्बेंडाझोल हे कृमिनाशक: दिवसाला प्रतिकिलो १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत विभागून, १० ते १४ दिवस. स्निग्ध अन्नाबरोबर घेतले तर ते जास्त शोषले जाते. दोनहून अधिक जिवंत पुट्या असतील तर प्राझिक्वांटेल हे दुसरे कृमिनाशक जोडतात; मात्र फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही फिटची औषधे आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड यांमुळे त्याची रक्तातील पातळी घटते, हे ध्यानात ठेवावे लागते. सुरुवातीआधी डोळ्याचा पडदा तपासणे अत्यावश्यक आहे. तिथली पुटी औषधाने मेली तर दृष्टी जाऊ शकते. ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. पुष्कळ पुट्यांमुळे अख्खा मेंदू सुजलेला असेल तर कृमिनाशक द्यायचेच नाही, फक्त सूज उतरवायची. कॅल्शियम साचलेली पुटी मेलेलीच असते, तिलाही कृमिनाशक लागत नाही. पण तिच्याभोवती पुन्हा सूज येऊन फिट येऊ शकते, त्यामुळे फिटचे औषध मनाने बंद करू नये.

रुग्णाबरोबर घरातल्या सर्वांची विष्ठा तपासावी. आतड्यातल्या कृमीसाठी प्रौढांना निक्लोसामाइडची २ ग्रॅमची एकच मात्रा दिली जाते. ते आतड्यातून फारसे शोषले जात नाही. त्याऐवजी प्राझिक्वांटेल दिले तर ते मात्र मेंदूपर्यंत पोहोचते आणि तिथे लपलेली पुटी असल्यास फिट येऊ शकते. म्हणून पूर्वी फिट आली होती का, डोके सतत दुखते का, हे विचारल्याशिवाय ते देऊ नये.