शॉकअप ‘टाईट’ करण्याआधी

पावसाळा सरला की गॅरेजांतून एकच मागणी ऐकू येते: “पुढचे शॉकअप जरा टाईट करून दे.” मेकॅनिक फोर्कमधलं, म्हणजे मोटरसायकलचं पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांमधलं, तेल काढतो, त्याजागी इंजिनाचं जास्त घट्ट २०डब्ल्यू-४० तेल ओततो, स्प्रिंगच्या डोक्यावर दोन वॉशर किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवतो आणि टोपी आवळतो. हँडल दाबून पाहिलं तर गाडी खरंच कडक लागते. सगळे खूश. पहिल्या खड्ड्यात मात्र मनगटाला पूर्वीपेक्षा मोठा हिसका बसतो.

वॉशरचा निकाल आधी लावून टाकू. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर ठरतो. जाडीचा तर चौथा घात लागतो. तार १० टक्के जाड केली की स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते. वॉशरनं यातलं काहीच बदलत नाही. दोन्ही बाजूंना १० मिमी जास्तीचा स्पेसर (तोच स्प्रिंगवरचा पाइपचा तुकडा) टाकला तर गाडीचं नाक साधारण १० मिमी वर येतं, बस. याला प्रीलोड म्हणतात. तो कामाचाच आहे, पण उंची जुळवण्यासाठी. फोर्कच्या नळीला केबल टाय बांधा, फोर्क पूर्ण सुटा असतानाची जागा मोजा, मग नेहमीच्या सामानासह बसून पुन्हा मोजा. एकूण प्रवासाचा पाव ते एक तृतीयांश भाग दबला तर ठीक. १३० मिमी प्रवासाच्या फोर्कला ३३ ते ४३ मिमी. प्रीलोड वाढवूनही आकडा जुळत नसेल, तर आपल्या वजनाला ती स्प्रिंगच चुकीची आहे.

आता तेल. खरी गंमत इथे आहे.

तेलानं डँपिंग करणारा टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा) फोर्क बीएमडब्ल्यूनं १९३५ साली आर१२ या गाडीवर आणला. आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांत आजही त्याच कुळातली रचना असते: खालच्या नळीच्या तळाशी बोल्टनं बसवलेली एक पोकळ दांडी आणि त्या दांडीला भोकं. फोर्क दबला की तेल खालच्या मोठ्या भोकांतून दांडीत शिरतं. फोर्क उघडताना वरच्या बारीक भोकांतून पिळून निघतं. या पिळण्याला लागणारा जोर म्हणजेच डँपिंग. तो नसता तर स्प्रिंग प्रत्येक खड्ड्यानंतर नाचत राहिली असती.

रंगपंचमीची पिचकारी आठवा. हळू दाबली की सहज रिकामी होते, जोरात रेटली की हाताला भिडते. दुप्पट वेगानं दाबलं तर भोकातून जाणाऱ्या द्रवाचा वेगही दुप्पट होतो, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे दाब चौपट लागतो. हा वर्गच सगळ्या भानगडीचं मूळ आहे.

एक ढोबळ हिशेब करू. पुढचा ब्रेक दाबल्यावर फोर्क साधारण ०.३ सेकंदात ६ सेंमी बसला, तर त्याचा वेग झाला सेकंदाला ०.२ मीटर. आता ताशी ३६ किमीनं, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगानं जाताना खड्ड्याची कड लागली. चाक २५ सेंमी पुढे जाईपर्यंत ५ सेंमी वर चढलं, म्हणजे सेकंदाच्या चाळिसाव्या भागात. फोर्कचा वेग सेकंदाला २ मीटर! दहापट वेग, म्हणून विरोध शंभरपट. तेव्हा डँपिंगमधला ‘हाय स्पीड’ म्हणजे स्पीडोमीटरचा आकडा नव्हे. ताशी १०० वर ब्रेक मारणं ही फोर्कच्या दृष्टीनं संथ घटना आहे आणि गल्लीतला खड्डा ही वेगवान. गॅरेजमध्ये हातानं हँडल दाबून जी परीक्षा घेतली जाते, ती फक्त संथ वेगाची.

म्हणून साधा फोर्क एकाच वेळी दोन्हीकडे नापास होतो: ब्रेकला नाक खुपसतो आणि खड्ड्यात दगड होतो. वेग आणि विरोध यांचा आलेख काढला, तर घट्ट तेलानं तो वर सरकतो, त्याचा आकार तोच राहतो. शिवाय फोर्क उघडायलाही वेळ लावतो. रंबलर पट्ट्यांवर तो पुरता उघडण्याआधीच पुढची पट्टी येते, मग तिच्यापुढची, आणि फोर्क दबत दबत तळाशी जाऊन बसतो.

उपाय आलेखाचा आकार बदलण्यात आहे: सुरुवातीला चढ, मग सपाटी. त्यासाठी भोकावर उघडझाप करणारं झाकण हवं. महागड्या कार्ट्रिज फोर्कमध्ये पिस्टनच्या भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची, म्हणजे शिमची, चवड असते. दाब वाढला की चकत्या वाकतात आणि वाट रुंद होते. चकतीचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.१० मिमीऐवजी ०.१५ मिमीची चकती जवळजवळ ३.४ पट कडक! ०.२० मिमीची एक चकती ०.१० वालीच्या आठपट कडक, पण ०.१० च्या दोन एकावर एक ठेवल्या तर फक्त दुप्पट, कारण त्या एकमेकींवर घसरतात. एकूण जाडी तीच, फरक चौपट. यावर मी तासभर बोलू शकतो, घरचे थांबवतात.

साध्या फोर्कसाठी हाच परिणाम साधणारं सुटं यंत्र मिळतं, इम्युलेटर. रेस टेक या अमेरिकी कंपनीचं प्रसिद्ध आहे. स्प्रिंगनं दाबून धरलेली ही झडप दांडीच्या डोक्यावर बसते. दांडीची खालची भोकं ड्रिलनं मोठी करायची, म्हणजे दबतानाचा विरोध झडपच ठरवते. स्प्रिंगवरचा स्पेसर झडपेच्या उंचीइतका आखूड करावा लागतो. उघडतानाचं डँपिंग मात्र अजूनही दांडीच्या वरच्या बारीक भोकांवर आणि तेलाच्या घट्टपणावर चालतं, म्हणून तेल निवडायचं ते त्यासाठी. तेही फोर्क ऑइलच. दोन कंपन्यांचं ‘१०डब्ल्यू’ सारखं घट्ट असेलच असं नाही. डब्यावर ४० अंश सेल्सिअसचा सेंटिस्टोक्सचा (घट्टपणाच्या एककाचा) आकडा असेल तर तो पाहावा.

सोनेरी यूएसडी (अपसाइड डाउन, म्हणजे उलट्या) फोर्कबद्दलही एक शब्द. उलटा फोर्क वाकायला कमी असतो हे खरं, पण आत झडप कसली आहे हे बाहेरचा रंग सांगत नाही. सोनेरी नळ्या पाहून गाडी घेणं आणि तिच्या चाकाखाली लिंबू चिरडणं, दोन्हींचा डँपिंगवर सारखाच परिणाम होतो.

सर्वांत स्वस्त ट्यूनिंग शेवटी करायचं, कारण ते बाकीचं जुळल्यावरच कळतं. तेलाच्या वर कोंडलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंग आहे. शाळेतला बॉइलचा नियम: जागा निम्मी, दाब दुप्पट; झटक्यात दाबल्यास हवा तापून थोडा जास्तच. त्यामुळे फोर्क वरच्या प्रवासात मऊ राहतो आणि अखेरच्या भागात कडक होत जातो. स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर मोजतात. फोर्क तळाला आपटत असेल तर एका वेळी १० मिमीनं तेल वाढवावं, दोन्ही बाजूंना सारखंच, आणि गाडी चालवून पाहावी. कंपनीनं दिलेल्या आकड्यापासून फार दूर जाऊ नये. हवा अति दाबली गेली की तो दाब ऑइल सीलवर येतो आणि सील गळायला लागतं.