२२ नोव्हेंबर २००७: गोव्याच्या खाणींची पार्श्वभूमी

गोव्यातल्या खाणबंदीची गोष्ट बहुतेक जण २०१२ पासून सांगतात. कायद्याच्या नजरेने पाहिले तर या खाणींची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. म्हणजे ज्या पाच वर्षांत गोव्याने आपल्या इतिहासातले सर्वाधिक लोहखनिज परदेशी पाठवले, त्या पाचही वर्षांत खणणाऱ्यांच्या हाती वैध पट्टा (लीज) नव्हता. हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले २०१४ मध्ये, खनिज जहाजांत चढून निघून गेल्यावर.

पोर्तुगीज काळाचे दोन-तीन धागे पुढे लागणार आहेत, तेवढेच इथे. खाणींचे हक्क १९०६ च्या हुकूमनाम्याखाली दिले गेले. त्यांना कंसेशन म्हणत, आणि त्यांना काळाची मर्यादा नव्हती. असे सुमारे आठशे हक्क वाटले गेले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्यातून फारसे काही निघाले नाही. नंतर जपानची पोलाद भट्टी पुन्हा पेटली, जपानी खरेदीदारांनी यंत्रांसाठी आगाऊ पैसा दिला आणि डिचोली, सांग्याचे डोंगर मुरगाव बंदरामार्गे बोटींत चढू लागले. पन्नाशीच्या दशकात भारताने आर्थिक नाकेबंदी केली, १९५५ मध्ये रेल्वेचा दुवाही तुटला. तरी गोव्यात बाजार ओस पडला नाही, त्याचे एक मोठे कारण खनिजाचे परकीय चलन. तांदूळ-बटाट्यापासून घड्याळांपर्यंत सगळे बोटीने येत होते. नाकेबंदीने ज्या राजवटीची कोंडी व्हायची, तिला खाणींनी श्वास दिला, हे मुक्तीनंतर फारसे कुणी आठवत नाही.

१९ डिसेंबर १९६१ ला राज्यकर्ते बदलले, खाणमालक तेच राहिले. देशाचा १९५७ चा खाण कायदा १ ऑक्टोबर १९६३ पासून गोव्याला लागू झाला. १९६३ च्या निवडणुकीनंतर आलेल्या पहिल्या लोकनियुक्त सरकारचे प्रमुखही खाण उद्योगातलेच होते. खाणींच्या पैशातून पुढे बार्ज (नदीतून माल नेणाऱ्या सपाट बोटी) बांधणीचे कारखाने, वर्तमानपत्रे, कॉलेजे, फुटबॉल संघ उभे राहिले. गोव्याची आर्थिक उभारणी खाणींनी केली असे जे म्हटले जाते, ते या अर्थाने खोटे नाही. पण हा पैसा कुटुंबांच्या तिजोरीतून त्यांच्या मर्जीने समाजात आला. सरकारी तिजोरीतून, विधानसभेच्या मंजुरीने आला असता तर चित्र वेगळे झाले असते.

आता मूळ गुंता. भारतीय कायद्यात खनिज खणायचे तर सरकारकडून ठरावीक मुदतीची लीज घ्यावी लागते आणि रॉयल्टी भरावी लागते. गोव्यातले हक्क बेमुदत, शिवाय परक्या राजवटीने दिलेले. ते लीज आहेत की मालकीसारखे काही? केंद्राच्या यंत्रणेने १९७५ मध्ये नोटिसा काढून सांगितले की या लीजच आहेत. मालक उच्च न्यायालयात गेले आणि १९८३ मध्ये निकाल मालकांच्या बाजूने लागला. त्यानंतर केंद्राने कायद्याचाच मार्ग धरला. संसदेने ही सारी कंसेशन्स रद्द करून त्यांना लीज ठरवणारा कायदा केला. राष्ट्रपतींची संमती मिळाली २३ मे १९८७ रोजी. गोवा घटक राज्य झाले ३० मे १९८७ रोजी. ज्या राज्याला या कायद्याची फळे भोगायची होती ते जन्मायला अजून एक आठवडा होता.

या कायद्याने काळाशी एक चमत्कारिक खेळ केला. परिणाम मागे नेला थेट २० डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे मुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून या लीजच होत्या असे मानायचे. पुढची मुदत मात्र दिली अवघी सहा महिन्यांची, २२ नोव्हेंबर १९८७ पर्यंत. तोवर नूतनीकरणाचे अर्ज करायचे. पहिले नूतनीकरण जास्तीत जास्त वीस वर्षांचे. १९८७ मध्ये वीस मिळवा, २००७ येते. हा हिशेब करायला वकील लागत नाही. तरीही वीस वर्षांत तो कुणी मोठ्याने केल्याचे दिसत नाही.

असे का झाले, यावर दोन मते आहेत. खाण उद्योगाचे म्हणणे असे की कायद्यालाच आव्हान दिलेले होते. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने कायदा टिकवला, त्यावर अपिले सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथल्या अंतरिम आदेशावर खाणी चालल्या, आणि मूळ प्रश्नच लोंबकळत असताना मुदत कशाची मोजायची? शिवाय २००७ च्या आधी दुसऱ्या नूतनीकरणाचे अर्ज रीतसर दिलेले होते. अर्जावर निर्णय होईपर्यंत लीज चालू समजावी अशी तरतूद नियमांत होती. सरकारने निर्णय दिला नाही, हा दोष अर्जदाराचा कसा?

युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण दुसऱ्या नूतनीकरणाचे कलम वेगळे आहे. पहिले नूतनीकरण मागितले तर सहसा मिळते. दुसऱ्यासाठी सरकारने खनिज विकासाच्या हिताची कारणे लेखी नोंदवून तसा निर्णय घ्यावा लागतो. ज्याला कारणांसह निर्णय लागतो, ते कुणी काहीच न ठरवता आपोआप कसे मिळेल? २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच धरले. आपोआप मुदतवाढीची तरतूद दुसऱ्या नूतनीकरणाला लागू नाही, मानीव लीज (१९८७ च्या कायद्याने लीज मानलेली जुनी कंसेशन्स) २२ नोव्हेंबर १९८७ ला संपल्या, त्यावरची वीस वर्षे २२ नोव्हेंबर २००७ ला संपली, आणि त्यानंतरचे खाणकाम बेकायदा. माझ्या मते यात न्यायालयाने नवे काही शोधले नाही, कागदावर होते तेच वाचले. अर्जांवर पाच वर्षे निर्णय न देणे ही सरकारची ढिलाई म्हणून सांगितली जाते. त्या पाच वर्षांत खनिजाचा भाव काय होता हे पाहिले की ढिलाई हा शब्द अपुरा वाटतो.

गोव्याचे खनिज तसे हलके. लोहाचे प्रमाण कमी, बरेचसे भुकटीच्या रूपात. टनभर खनिजासाठी अडीच-तीन टन माती-दगड उपसून बाजूला टाकावा लागतो. देशातल्या कारखान्यांना त्यात रस नव्हता, म्हणून जवळपास सगळा माल निर्यातीचा. जपान वर्षानुवर्षांच्या करारांनी माल घेई, भाव ठरलेला असे, धंदा संथ चाले. २००३-०४ नंतर चीन बाजारात उतरला आणि सगळे गणित पालटले. रोखीच्या बाजारात भाव रोज हलू लागला. २०११ च्या सुरुवातीला चांगल्या प्रतीचे खनिज चिनी बंदरात टनाला १८० डॉलरच्या पुढे गेले. पूर्वी ज्याला कुणी विचारत नव्हते तो कमी प्रतीचा माल विकला जाऊ लागला, आधीच्या दशकांत फेकलेले डंप, म्हणजे टाकाऊ माती-खनिजाचे ढीगही पुन्हा उकरले गेले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निर्यात काही पटींनी वाढली आणि २०१०-११ मध्ये वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास पोहोचली.

एवढ्या मालावर राज्याला काय मिळत होते? रॉयल्टीचा दर केंद्र ठरवते, वसूल राज्य करते. ऑगस्ट २००९ पर्यंत हा दर टनामागे ठरावीक रुपयांत होता. सर्वांत उंच प्रतीलाही तीस रुपयांच्या आत, गोव्यातल्या बहुतेक मालाला त्याहून कितीतरी कमी. बाजारात भाव चौपट झाला तरी राज्याचे रुपये तेवढेच. २००९ मध्ये रॉयल्टी किमतीच्या दहा टक्के झाली आणि शंभर कोटींच्या आत घुटमळणारी रक्कम दोन वर्षांत हजार कोटींच्या घरात गेली. खाणी त्याच, डोंगर तेच, बदलला होता फक्त दर मोजायचा नियम. त्याआधीची वर्षे मग कुणाच्या खात्यात गेली, हा प्रश्न विधानसभेत कधी नीट विचारला गेला नाही.

खाली पाझरलेला पैसाही होता, तो नाकारून चालणार नाही. सत्तरी, डिचोली, सांगे, केपे भागांतल्या हजारो घरांनी कर्ज काढून ट्रक घेतले. बार्जमालक, गॅरेजवाले, टायरवाले, खानावळी, सगळे त्यावर उभे होते. खाण अवलंबित हा शब्द पुढे राजकारणात इतका चालला की जणू ती एक वेगळी जातच. त्याच गावांत शिरगाव, मुळगाव, पिसुर्ले इथे शेतांत खाणीची माती येऊन बसली आणि खोल खड्ड्यांतून पाणी उपसल्याने विहिरी आटल्या. एकाच घरात थोरल्याचा ट्रक आणि धाकट्याचे बुजलेले शेत, अशी विभागणी होती. त्यामुळे गावच्या ग्रामसभांतली भांडणे बाहेरून दिसतात तितकी सरळ कधीच नव्हती.

राज्याच्या उत्पन्नाच्या आकडेवारीत मात्र यातली एकच बाजू दिसते. खनिज काढले की त्याची किंमत त्या वर्षाच्या उत्पादनात जमा होते. जमिनीखालचा साठा तेवढ्याने घटला, याची वजाबाकी कुठेच होत नाही. भाट (माडांची बाग) विकून आलेला पैसा नारळाच्या उत्पन्नात लिहावा, तसा हा प्रकार. खाणी चालू असताना गोव्याची वाढ झगमगीत दिसली आणि बंद पडताच अर्थव्यवस्था कोसळल्याचे आकडे आले. दोन्ही वेळा आकडे खरे होते, पण त्यात उत्पन्न किती आणि विकलेली मालमत्ता किती हे वेगळे केलेले नव्हते.

बंदीच्या घटना ताज्या आहेत, म्हणून भराभर. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी केंद्राने नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्तींच्या आयोगाने नुकसानीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी सांगितला. तो आकडा वादग्रस्त आहे आणि प्रत्यक्ष वसुली त्याच्या जवळपासही पोहोचलेली नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्याने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितली. पुढच्या पिढ्यांचाही या खनिजावर हक्क आहे, हा त्यामागचा विचार. देशात खनिजाच्या पैशाबाबत तो पहिल्यांदा इतक्या ठोस रूपात आला आणि गोव्यापुरती या निकालाची खरी कमाई हीच.

यानंतर जे झाले ते पाहून थक्क व्हायला होते. केंद्र लिलाव सक्तीचा करणार हे स्पष्ट झालेले असताना राज्याने ८८ लीजचे नूतनीकरण केले. त्यातली बरीचशी जानेवारी २०१५ च्या पहिल्या दोन आठवड्यांत उरकली. लिलावाचा अध्यादेश निघाला १२ जानेवारी २०१५ रोजी. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी नूतनीकरणे रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणकाम पुन्हा थांबले. मग मालकांनी नवा हिशेब मांडला: नव्या दुरुस्तीने लीज पन्नास वर्षांची झाली आहे, ती १९८७ पासून मोजा, म्हणजे मुदत २०३७ पर्यंत. लीज १९६१ पासून मोजायची की १९८७ पासून, हा जुना प्रश्न या वाटेने पुन्हा दारात आला. सप्टेंबर २०२१ मध्ये तोही फेटाळला गेला.

लिलाव झाले ते २०२२ च्या डिसेंबरपासून. पहिल्या डिचोली ब्लॉकला ६३.५५ टक्क्यांची बोली लागली, पुढच्या काही ब्लॉकांना नव्वदीच्या पलीकडे. ही टक्केवारी केंद्राने जाहीर केलेल्या सरासरी विक्री किमतीवर, रॉयल्टी वेगळी. टनामागे तीस रुपयांहून कमी मिळण्याचा काळ जेमतेम तेरा वर्षे मागे होता. खनिज राज्याचेच होते, तर एवढा वाटा आधी का मिळू शकला नाही, याचे उत्तर बाजारभावात नाही. भाव तर २०११ मध्ये अधिक होता.

२०२४ मध्ये डिचोली ब्लॉकमध्ये उत्खनन सुरू झाले. तिथे नवा पेच आहे. जुन्या लीजच्या हद्दी जोडून ब्लॉक आखले गेले आणि त्यांत घरे, देवळे, तळी, शेतजमिनी आल्या. त्या वगळून द्या अशी मुळगावसारख्या गावांची मागणी आहे. लिलाव बोलीच्या टक्क्यांवर जिंकला जातो, देवळाची हद्द त्यात मोजली जात नाही.

जुने डंप अजून तसेच पडून आहेत, कोट्यवधी टनांचे. ज्यांनी ते टाकले त्यांच्या लीज संपल्या. ज्या जमिनीवर ते आहेत ती कुठे खासगी, कुठे सरकारी, कुठे कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था). त्यात अजून लोह आहे आणि चीनला भाव परवडला की ते विकले जाते. ज्यांनी डंपखालच्या जमिनीच्या रूपांतराचे (वापर बदलण्याचे) शुल्क भरले होते त्यांना काय द्यायचे आणि बाकीच्यांचा लिलाव कसा करायचा, यावर २०२३ मध्ये राज्याने धोरण आणले. डंप मुळात कुणाचा, याबद्दलचे वाद आता न्यायालयांत आहेत.