दहा वेबसाइट आणि दहा साक्षीदार

पाटणची माझी भाची कॉलेजच्या प्रकल्पासाठी कोयनेचा भूकंप घेऊन बसली होती. तारखेपाशीच गाडी अडली. "मामा, दहा ठिकाणी ११ डिसेंबर १९६७ आहे, दोन ठिकाणी १०. अकराच धरू ना?"

धर की. पण मतमोजणी करून धरू नकोस.

मजकूर दहा ठिकाणी सापडणं आणि त्याला दहा जणांचा दुजोरा असणं, यात हमखास गल्लत होते. तिच्या एका पानावरचं एक वाक्य आम्ही अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधलं. सात पानांवर तेच वाक्य, तोच स्वल्पविराम, आणि 'कोयनानगर'चं 'कोयनागर' झालेलं, तेही जसंच्या तसं. एकाच्या वहीवरून सात जणांनी उतरवलेला गृहपाठ! कॉपी पकडायला शुद्धलेखनाच्या चुकीइतकी खात्रीची खूण नाही.

दुजोरा देणाऱ्याला माहिती त्याच्या स्वतःच्या वाटेने मिळालेली असते. वेधशाळेच्या यंत्राने हादरा नोंदवला, वार्ताहराने पडलेली घरं पाहिली, कुणी अंगणात उभं राहून रात्र काढली. यांची वाक्यं कधीच सारखी नसतात, आणि तरी गोष्ट जुळते.

मग ती १० तारीख? भूकंप झाला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. आंतरराष्ट्रीय भूकंपनोंदी जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात आणि आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. त्या वेळेत आदल्या रात्रीचे १०.५१ होतात. म्हणजे भाची ज्यांना चूक समजत होती, ती दोन पानंही बरोबरच होती. तीव्रतेचंही तेच: कुठे ६.३, कुठे ६.५, कुठे ६.६. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे आकडा बदलतो. कुठला आकडा कुणाच्या नोंदीतला ते लिहावं. सरासरी काढायच्या भानगडीत पडू नये.

विकिपीडियावर माझा राग नाही. तळटीप मात्र उघडायची. ती बातमीकडे नेते आणि बातमी परत विकिपीडियाकडे, असं गोल रिंगण निघालं की ते पान सोडून द्यायचं.

भाचीने वहीत लिहिलं, '११ डिसेंबर, भारतीय वेळ'. म्हटलं, आता आजीलाही विचार. तारीख तिला सांगता यायची नाही कदाचित, पण तिने एकही वेबसाइट वाचलेली नाही.