तिला अजून कळत कसं नाही? लांबलेल्या रहस्यकथांमधलं गुपिताचं गणित

एका पुस्तकात संपणाऱ्या रहस्यकथेत नायकाने प्रेयसीपासून काही लपवलं, तर शेवटच्या प्रकरणात ते उघड करून मोकळं होता येतं. कथा वर्षानुवर्षं चालू राहिली की तसं जमत नाही. गुपित फुटलं तर कथेचा आधारच जातो, आणि नाही फुटलं तर वाचक कुरकुरतो: इतकं सगळं डोळ्यांसमोर असून हिला कळत कसं नाही? नायिका मठ्ठ वाटायला लागली की प्रेमकथाही फसते आणि रहस्यकथाही.

या पेचाचं सर्वांत लांब चाललेल्या उदाहरणांपैकी एक म्हणजे गोशो आओयामा यांची ‘डिटेक्टिव्ह कोनन’ ही जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा. ती १९९४ पासून साप्ताहिकात चालू आहे आणि तिचा १०० वा खंड २०२१ मध्ये आला. सतरा वर्षांच्या शिनइची कुडो या हुशार शाळकरी गुप्तहेराला एक गुन्हेगारी टोळी विष देते. तो मरत नाही, पण पहिलीतल्या मुलाएवढा लहान होतो. मग चष्मा लावून, ‘कोनन’ हे नाव घेऊन तो आपल्या बालमैत्रिणीच्याच, म्हणजे रानच्या घरी राहू लागतो, कारण तिचे वडील खासगी गुप्तहेर आहेत आणि टोळीचा माग तिथूनच लागण्याची शक्यता आहे. रानला यातलं काहीच माहीत नाही. (पुढे या मालिकेतले काही मोठे प्रसंग उघड होतील. ज्यांना ते आधी कळायला नको आहेत, त्यांनी इथेच थांबावं.)

वाचकाची पहिली तक्रार अशी की जवळच्या माणसाचं खोटं तर लगेच ओळखू येतं. प्रयोग याच्या उलट सांगतात. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये २४ हजारांहून अधिक लोकांच्या निर्णयांचा एकत्रित आढावा घेतला. खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के उत्तरं बरोबर आलीच असती. त्यातही खरं बोलणं ६१ टक्के वेळा ओळखलं गेलं आणि खोटं फक्त ४७ टक्के वेळा, कारण समोरचा खरंच बोलतोय असं धरून चालणं हा आपला स्वभाव आहे. प्रेमात हा स्वभाव आणखी घट्ट होतो. मॅककॉर्नॅक आणि पार्क्स यांनी १९८६ मध्ये दाखवलं की नातं जवळचं झालं की ‘मी याला बरोबर ओळखते’ हा आत्मविश्वास वाढतो आणि त्याबरोबर विश्वास टाकण्याची सवयही वाढते. खोटं पकडण्याची क्षमता मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे कोनन ‘शिनइची’ म्हणून फोनवर मारतो त्या थापा पचतात, यात रानचा भोळेपणा शोधायचं कारण नाही.

चेहऱ्याची गोष्ट वेगळी आहे आणि इथे कथेची बाजू लंगडी आहे. क्रेमर आणि रिची यांच्या २०१६ च्या प्रयोगात अनोळखी माणसांच्या फोटोंच्या जोड्या दाखवून ‘हा एकच माणूस आहे का?’ असं विचारलं होतं. दोन्ही फोटोंत चष्मा असो वा नसो, उत्तरं सुमारे ८० टक्के बरोबर आली. एकातच चष्मा असला की हे प्रमाण साधारण ६ टक्क्यांनी घसरलं. म्हणजे चष्म्याने फसवणूक होते, पण थोडीच, आणि तीही अनोळखी चेहऱ्यांच्या बाबतीत. ओळखीचा चेहरा माणसं सीसीटीव्हीच्या अस्पष्ट चित्रणातही ओळखतात. रानने तर शिनइचीला लहानपणापासून पाहिलंय, सात वर्षांचा असतानाचा त्याचा चेहराही तिच्या आठवणीत आहे. आओयामांनी ही अडचण लपवली नाही, आणि माझ्या मते हीच त्यांची खरी हुशारी. कोनन लहानपणीच्या शिनइचीसारखा दिसतो हे रानच्या लक्षात येतं. तिला संशय येतो, तोही एकदा नव्हे.

मग ती खात्रीपर्यंत का पोहोचत नाही? याचं उत्तर संभाव्यतेच्या गणितात आहे. कोणत्याही शंकेला सुरुवातीची एक शक्यता असते आणि प्रत्येक नवा पुरावा ती काही पटींनी वाढवतो किंवा घटवतो. समजा, नायक रात्री मुखवटा घालून फिरणारा चोर आहे ही साधी शंका आहे आणि तिची सुरुवातीची शक्यता शंभरात एक आहे. आता असे दहा धागे मिळाले, की प्रत्येक धागा ‘तोच चोर’ असेल तर दुपटीने संभवतो. दहा वेळा दुप्पट केलं की १०२४ पट होते. शंभरात एक म्हणजे १ विरुद्ध ९९; ते आता १०२४ विरुद्ध ९९ होतं, म्हणजे शंका थेट ९१ टक्क्यांवर जाते. अशा कथेत नायिकेला तरीही कळलं नाही तर वाचकाची कुरकुर रास्त आहे.

आता ‘माणूस औषधाने दहा वर्षांनी लहान झाला’ ही शंका घ्या. तिला कोटीत एक शक्यता देणंही उदारपणाचं ठरेल. तेच दहा धागे लावा: कोटीत एकची शक्यता सुमारे १० हजारांत एक होते, बस. तिने ‘हा शिनइचीचा लांबचा नातेवाईक असेल, म्हणून दिसतो तसा आणि बोलतो तसा’ असा निष्कर्ष काढणं हे तर्काला धरूनच आहे. गुपित जितकं अचाट, तितकं ते सुरक्षित. शिवाय हे धागे बऱ्याचदा एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. कोननने दहा खून उलगडले तर तो दहा वेळा मिळालेला पुरावा नसतो, ‘मुलगा विलक्षण हुशार आहे’ हा एकच पुरावा दहा वेळा मिळालेला असतो.

हे वाचकाला पटत नाही, कारण त्याला उत्तर पहिल्या प्रकरणापासून माहीत आहे. स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये एक प्रयोग केला होता. काही जणांना परिचित गाण्यांची लय टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली आणि ऐकणाऱ्यांनी गाणं ओळखायचं होतं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. कोनन पाहणारा वाचक वाजवणाऱ्याच्या जागी आहे आणि रान ऐकणाऱ्याच्या.

तरीही धागे साठत जातात, आणि लांबलेल्या मालिकेत ते शेकड्यांनी साठतात. म्हणून अधूनमधून शंका खाली आणणारा जबरदस्त उलटा पुरावा द्यावा लागतो. २५ व्या आणि २६ व्या खंडांतली कथा याचा नमुना आहे. कोननला गोळी लागते, रक्त कमी पडतं, आणि रान ‘माझा रक्तगट तोच आहे’ म्हणत पुढे येते. तिला कोननचा रक्तगट कुणी सांगितलेला नसतो. तिने ओळखलंय, हे त्याला तिथे कळतं. मग शाळेच्या नाट्यमहोत्सवात उताऱ्याच्या प्रायोगिक औषधाने शिनइची काही काळ मोठा होऊन येतो, आणि त्याच वेळी हाइबारा (टोळीतून पळून आलेली, त्याच्यासारखीच लहान झालेली मुलगी) कोननचा वेश करून, मास्कमागे आवाज बदलणारं यंत्र लपवून समोर उभी राहते. दोघं एकाच जागी दिसतात. ते एकच असतील तर असं दिसण्याची शक्यता हजारात एक धरली, तरी हा एकटा प्रसंग दुपटीचे दहा धागे पुसून टाकतो.

हा डाव एकदाच खेळता येतो. दुसऱ्यांदा वापरला की लबाडी वाटते, आणि तिसऱ्यांदा तर ‘मला संशय आला की दोघं बरोबर एकत्र दिसतात’ हाच नवा पुरावा होतो. अनेक मालिका नेमक्या इथे घसरतात. उलटा पुरावा देताना किंमत मोजायला लावली नाही, तर वाचक तो मोजतच नाही. वरच्या कथेत किंमत आहे: शिनइची नंतर रानला काही सांगायला जेवायला नेतो, मध्ये खून होतो, आणि औषधाचा असर संपून तो पुन्हा लहान होतो. संशय मिटतो, पण ती टेबलावर एकटीच वाट पाहत राहते.

आता लपवणाऱ्याकडे बघू. मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १३ हजारांहून अधिक गुपितांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका माणसाकडे सरासरी १३ गुपितं असतात आणि त्यांतली ५ त्याने कुणालाच सांगितलेली नसतात. पण त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की समोरच्याशी बोलताना गुपित लपवण्याची वेळ माणसावर कमी येते, आणि एकटं असताना मन त्या गुपिताकडे वळण्याची वेळ साधारण दुपटीने अधिक येते. मनःस्वास्थ्य बिघडण्याचा संबंधही या दुसऱ्या गोष्टीशी आढळला. रहस्यकथा नेमकं उलटं करतात. पकडलं जाण्याचे क्षण पानंच्या पानं रंगवतात आणि एकटेपणातलं ओझं दोन चौकटींत उरकतात. समजण्यासारखं आहे, कारण मनात घोळणं चित्रात दाखवता येत नाही.

यावरचा जुना तोडगा म्हणजे विश्वासातला माणूस. स्लेपियन यांच्याच पुढच्या कामात दिसलं की कुणा एकाला सांगितल्याने गुपिताशी निभावून नेण्याचं बळ वाढतं. शिनइचीचं गुपित शेजारचे संशोधक प्रोफेसर आगासा, आईवडील, ओसाकाचा शाळकरी गुप्तहेर हेइजी हातोरी आणि हाइबारा यांना माहीत आहे. कथेला त्यांचा दुहेरी उपयोग होतो: नायकाच्या मनातलं संवादात येतं, आणि खोट्या पुराव्यासाठी हातही मिळतात. तोटा असा की जाणणाऱ्यांचा गट वाढला की ‘सगळ्यांना सांगितलं, मग तिलाच का नाही?’ हा प्रश्न धारदार होतो. ‘तिच्या सुरक्षिततेसाठी’ हे कारणही झिजतं, कारण ती गुपित न कळताच दर दोन महिन्यांनी संकटात सापडत असते. म्हणून धोका ताजा करावा लागतो. टोळीतून पळून आलेल्या हाइबाराला आणणं हा त्यातला उत्तम उपाय होता. ती टोळी काय करू शकते हे स्वतःच्या बहिणीच्या खुनामुळे तिला माहीत आहे, त्यामुळे तिच्या भीतीला वजन आहे.

अशी मालिका लिहिणाऱ्याने एका वहीत प्रत्येक पात्रापुढे किमान चार रकाने ठेवावेत: काय माहीत आहे, कोणत्या भागापासून, कशावरून, आणि ‘याला हे माहीत आहे’ हे कुणाकुणाला माहीत आहे. चौथा रकाना चुकला की कथा तिथेच फाटते. आपलं डोकंही त्याच ठिकाणी अडखळतं. ‘तिला वाटतं की त्याला वाटतं की तिला माहीत नाही’ अशा साखळ्या माणसं चार पायऱ्यांपर्यंत बऱ्यापैकी सांभाळतात. किंडरमन, डनबार आणि बेंटल यांच्या १९९८ च्या प्रयोगात पाचव्या पायरीला चुका एकदम वाढल्या. रक्तदानाचा प्रसंग तिसऱ्या पायरीवर आहे, म्हणून तो एका वाचनात कळतो.

दुसरी वही नात्याची, आणि ती वेगळी ठेवणं हा या मालिकेचा सर्वांत उपयोगी धडा. ७१ व्या आणि ७२ व्या खंडांत लंडनमध्ये शिनइची रानला प्रेमाची कबुली देतो. पुढे क्योटोच्या शालेय सहलीत तिचा होकार येतो. मुख्य गुपित जिथल्या तिथे आहे, नातं मात्र पुढे सरकलंय. ज्या मालिका दोन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधतात, त्यांना एक थांबवली की दुसरीही थांबवावी लागते.

काळाचंही एक गुपचूप साहाय्य आहे. साध्या दूरध्वनीपासून स्मार्टफोनपर्यंत सगळं बदललं, तरी रान अजून अकरावीतच आहे. वाचकाची वाट पाहणं तीस वर्षांचं झालं आणि तिची फसवणूक मात्र एका शालेय वर्षात मावते.

उलगड्याच्या वेळी खरी अडचण येईल ती लपवलेल्या गोष्टीची नाही, ऐकलेल्या गोष्टींची. काट्रिन फिंकेनाउअर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नवविवाहित डच जोडप्यांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जोडीदार काही लपवतोय असं वाटलं की त्याने आपल्याला बाहेर ठेवलंय अशी भावना येते, असं आढळलं. रानच्या बाबतीत त्यात भर आहे. शिनइची आपल्याला आवडतो हे तिने अगदी सुरुवातीलाच कोननला, एका लहान मुलाला म्हणून, विश्वासाने सांगितलं. त्यानंतरची तिची रडणी, राग, वाट पाहणं, सगळं त्याने शेजारी बसून ऐकलं. तो लंडनमध्ये बोलला तेव्हा तिचं उत्तर त्याला आधीच माहीत होतं आणि तिला मात्र त्याचं माहीत नव्हतं. ‘तुझ्या जिवाला धोका होता’ हे कारण न सांगण्याला पुरतं, पण ऐकत राहण्याला पुरत नाही. त्यासाठी आओयामांना वेगळं काहीतरी लिहावं लागेल.